डाईव्हर गेला, कारण कळलं नाही. गाईडनं पुढे काय करायचं? (कागदावरची केस, इंदूरकर डाईव्हरांसाठी)

गुलावट
रविवारी तलावावरच्या बैठकीत हा विषय निघाला आणि वेळ संपली, म्हणून धागा काढतोय. आपल्यातले जे मालवण, नेत्राणी किंवा अंदमानला ट्रिपा घेऊन जातात त्यांनी हंगामाआधी ही केस एकदा सोडवून बघावी. केस बनवलेली आहे, कुणावर बेतलेली नाही.

पुरुष, वय ५२, ओपन वॉटर (पहिल्या पातळीचं) सर्टिफिकेट, तीसेक डाईव्ह झालेल्या. मेडिकल फॉर्मवर सगळीकडे 'नाही'. ॲल्युमिनियमचा ११.१ लिटरचा सिलिंडर, सुरुवातीला आतल्या हवेचा दाब २०० बार. कमाल खोली १८ मीटर, सरासरी १३.५. दहाव्या मिनिटाला गाईडनं गेज (दाबाचा काटा) विचारलं, १६० बार. बाविसाव्या मिनिटाला ९० बार, आणि तेव्हाच त्यानं 'वर जाऊ' अशी खूण केली. वर येताना खोकला. पृष्ठभागावर "दम लागतोय" एवढंच म्हणाला आणि मान टाकली. बोटीवर ऑक्सिजन, सीपीआर. किनारा पन्नास मिनिटांवर. शवविच्छेदनात फुप्फुसं ओली आणि जड, हृदयात डोळ्यांना दिसेल असं काही नाही, व्हिसेरा (विषतपासणी) निरंक. अहवालाची शेवटची ओळ: मृत्यूचं नेमकं कारण सांगता येत नाही.

प्रश्न दोन. काय झालं असेल? आणि त्या गाईडचं काय?

छप्पनदुकान
दुसरा प्रश्न कशाला? हवा होती, गाईड हाताच्या अंतरावर होता, वर आणला. विषय संपला.

गुलावट
तिथेच तर सुरू होतो भिया. कारण सापडलं असतं तर गाईडला एक तर "माझं चुकलं" म्हणता आलं असतं, नाही तर "माझ्या हातात नव्हतं". अहवालात जागा कोरी राहिली की ती तो स्वतःच भरतो, आणि भरताना स्वतःचंच नाव घालतो.

सव्वादोन_बार
आकडे दिलेत तर गणित करू. पहिल्या दहा मिनिटांत ४० बार, गुणिले ११.१ म्हणजे ४४४ लिटर. वरती दाब १ बार, दर दहा मीटरला आणखी एक, म्हणून सरासरी १३.५ मीटरवर दाब २.३५ बार. ४४४ भागिले १०, भागिले २.३५ = मिनिटाला साधारण १९ लिटर. पुढच्या १२ मिनिटांत ७० बार, ७७७ लिटर. तसाच भागाकार केला तर साडेसत्तावीस.

१९ वरून २७.५. हा माणूस खाली धापा टाकत होता. गाईडनं दहा ते बावीस या मधल्या वेळात एकदा जरी गेज पाहिलं असतं तर पकडता आलं असतं. कटू आहे, पण आकडा आकडा असतो.

टाकीतली_हवा
आकडा बरोबर, भाजक चुकला. दोन्ही टप्प्यांना तुम्ही एकच सरासरी खोली लावलीत. डाईव्ह उतारावरची असेल तर सुरुवात उथळ पाण्यात आणि मुख्य भाग खोलवर असतो. समजा पहिली दहा मिनिटं ८ मीटरवर आणि पुढची बारा १८ मीटरवर. सरासरी तरीही साडेतेराच येते. आता करा: ४४४ / १० / १.८ = जवळपास २५. ७७७ / १२ / २.८ = २३.

म्हणजे श्वास वाढलाच नाही, किंचित कमी झाला. २४-२५ ही क्वचित डाईव्ह करणाऱ्या, थोड्या जड माणसाची नेहमीची खपत.

त्याच पाच आकड्यांमधून एका गाईडला "तुला दिसायला हवं होतं" असं सांगता येतं आणि दुसऱ्याला "दिसण्यासारखं काही नव्हतं". खरं काय ते डाईव्ह कॉम्प्युटरच्या (खोली आणि वेळ नोंदणारं यंत्र) आलेखात असतं. म्हणून कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. बटणं दाबायची नाहीत, तो घेऊन पुन्हा पाण्यात जायचं नाही (मेमरी भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात), आणि बॅटरी तर बिलकुल काढायची नाही. गाईडचा स्वतःचा कॉम्प्युटरही त्याच पिशवीत. दोन आलेख शेजारी ठेवले की कोण कुठल्या क्षणी कुठे होतं ते कळतं.

सव्वादोन_बार
मान्य. भाजक चुकला. माझा वरचा प्रतिसाद तसाच ठेवतोय, पुढच्याला उपयोगी पडेल.

न्यायवैद्यक_काका
आता ओल्या फुप्फुसांबद्दल. अहवालात 'बुडून मृत्यू' लिहिलेलं असलं की लोकांना वाटतं कारण कळलं. पाण्यात सापडलेल्या देहाला दुसरं काही लागू होत नसलं की हे निदान चिकटवलं जातं. डॅनच्या (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, डाईव्हरांच्या सुरक्षेसाठीची संस्था) २००८ साली छापून आलेल्या अभ्यासात १९९२ ते २००३ मधले ९४७ मृत्यू तपासले होते. मृत्यूचं कारण म्हणून सुमारे ७० टक्क्यांत 'बुडणं' होतं. पण माणूस आधी कशानं निकामी झाला हे शोधलं तेव्हा चित्र बदललं: गुदमरणं ३३ टक्के, रक्तवाहिन्यांत हवेचे बुडबुडे २९, हृदय २६. आणि साखळी सुरू कशामुळे झाली हे ९४७ पैकी फक्त ३४६ प्रकरणांत सांगता आलं. कोरी जागा हा अपवाद नाही, बहुसंख्य प्रकरणं तशीच आहेत.

या केसमध्ये मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, इमर्शन पल्मनरी इडिमा. पाण्यात शिरल्यावर हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं. त्यात रक्तदाब जास्त, वय पन्नाशीपुढे, सूट घट्ट, पाणी थंड किंवा प्रवाहाविरुद्ध पोहणं यांपैकी काही असलं की फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांमधला दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपतं. माणूस आतून भिजतो. खोकला, दम, कधी गुलाबीसर फेस. शवविच्छेदनात हे आणि बुडणं सारखंच दिसतं. पन्नास मिनिटं सीपीआर झाल्यावर तर काही विचारूच नका.

दुसरी, हृदयाची लय बिघडणं. ते विजेचं काम. वीज गेली तर वायर जळलेली दिसेलच असं नाही. हृदय कापून पाहिलं तर नीटच दिसतं.

तिसरी, वर येताना फुप्फुसाला इजा होऊन हवा रक्तात शिरणं. पृष्ठभागावर येताच मान टाकली म्हणून हा संशय घ्यावाच लागतो. श्वास धरून ठेवला तर एक-दीड मीटर वर येणंही पुरतं. पण खोकला खालीच सुरू झाला असेल तर पहिली शक्यता जड होते.

रामबाग_ताई
काका, "वर आणला म्हणून गेला" हे वाक्य गाईडच्या तोंडी फार वेळा येतं. त्यावर काही सांगाल का? खाली ठीक होता, वर आल्यावर कोसळला, हे त्याला डोळ्यांसमोर दिसतं ना.

न्यायवैद्यक_काका
बरं झालं विचारलंत. १८ मीटरवर दाब २.८ बार, म्हणजे प्राणवायूचा दाब ०.२१ गुणिले २.८, जवळपास ०.५९. पृष्ठभागावर तोच ०.२१. फुप्फुसांचा मोठा भाग भिजलेला असला तरी खाली या वाढीव दाबावर रक्ताला प्राणवायू पुरतो. माणूस शुद्धीवर असतो, खुणा करतो. वर येताना हा टेकू निघून जातो आणि तो शेवटच्या काही मीटरांत किंवा वर आल्यावर कोसळतो. म्हणून तो खाली 'ठीक' नव्हताच. आणि खाली थांबणं हा उपाय नव्हे, त्याला पाण्याबाहेरच काढायला हवं होतं. बाहेर काढल्यावर शुद्धीवर असेल तर आडवा करायचा नाही, बसता ठेवायचा, सूटची चेन उघडायची, मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन. शुद्ध आणि श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्यायचे, मग ३०:२ (छातीवर तीस दाब, दोन श्वास).

टाकीतली_हवा
ऑक्सिजनचा हिशेब इथेच सांगतो. आपल्याकडे बोटीवर असतो तो बी टाईप सिलिंडर, १५०० लिटर. १५ नं भागलं तर १०० मिनिटं. किनारा ५० मिनिटं आणि पुढे गाडी, म्हणजे काठावर पास. पण गाईडनं जर सेफ्टी स्टॉप (वर येताना वाटेत थोडं थांबणं) सोडून घाईनं वर आणलं असेल तर तोही रुग्ण आहे, त्यालाही मास्क लागू शकतो. दोघांना मिळून पन्नासच मिनिटं. म्हणून दोन सिलिंडर. आणि सिलिंडर उघडायचा पाना! सिलिंडर आहे, पाना किनाऱ्यावर, असं सर्रास असतं. पाना दोरीनं सिलिंडरच्या मानेलाच बांधून टाका.

छप्पनदुकान
गाईड रुग्ण कसा? तो तर सीपीआर करतोय.

टाकीतली_हवा
म्हणूनच कुणी बघत नाही त्याच्याकडे. भराभर वर आला, बेशुद्ध माणसाला बोटीत चढवला, मग पाऊण तास छाती दाबतोय. नायट्रोजन बाहेर पडायच्या वेळी एवढी मेहनत हा डिकम्प्रेशनचा (शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा) धोका. हात-खांदे दुखले की तो म्हणणार सीपीआरमुळे, आणि बहुधा तसंच असेलही. पण मुंग्या, चक्कर, लघवीला त्रास, चालताना तोल जाणं यांपैकी काहीही असेल तर ऑक्सिजन आणि डॉक्टर.

इंदूरवाल्यांसाठी खास: त्याच रात्री त्याला गाडीत घालून घरी आणू नका. कोकणातून वर यायचं म्हणजे घाट चढणं आलं, आंबोली सातशे मीटरच्या आसपास आहे. इंदूर स्वतः साडेपाचशेवर. विमानासाठीचे डॅनचे नियम ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू होतात: एक डाईव्ह असेल तर निदान १२ तास, अनेक असतील तर १८. लक्षणं असतील तर प्रवासच नाही.

पलासियातला_वकील
सामानाचं कुणीतरी नीट लिहा. माझ्याकडे प्रकरण येतं तेव्हा रेग्युलेटर (श्वास घ्यायचं तोंडातलं यंत्र) स्वच्छ धुऊन वाळवलेला असतो. चांगल्या सवयीनं पुरावा जातो.

टाकीतली_हवा
लिहितो, क्रम महत्त्वाचा आहे.

गेजचा फोटो आधी, व्हॉल्व्ह बंद करायच्या आधी. मग व्हॉल्व्ह बंद करताना किती फेरे बसले ते मोजायचं आणि लिहायचं. का? व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असला तर वरती श्वास मस्त येतो, खोलवर मात्र हवा अपुरी पडते, आणि प्रत्येक श्वासाला गेजचा काटा खाली झुकून परत येतो. 'पूर्ण उघडून पाव फेरा मागे' या जुन्या सवयीत हाच घोळ व्हायचा: कुणीतरी चुकून पूर्ण बंद करून पाव फेरा उघडायचा. फेरे मोजले नाहीत तर ही शक्यता ना सिद्ध करता येते ना खोडता येते. आणि खोडता येणं गाईडसाठी जास्त महत्त्वाचं.

रेग्युलेटरचं पर्ज (हवा सोडायचं) बटण दाबायचं नाही. तरंगायच्या जॅकेटमधली हवा काढायची नाही, फुगलेलं असेल तर तसं लिहायचं. वेट (बुडण्यासाठी बांधलेली वजनं) किती, कुठे, सोडले होते का. ज्यानं जे कापलं किंवा सोडलं त्यानं तसं सांगायचं. धुणं नाही, उघडणं नाही. मोठ्या पिशवीत सगळं घालून पोलिसांच्या पंचनाम्यात द्यायचं आणि पोच घ्यायची.

त्या दिवशी त्याच कॉम्प्रेसरवर भरलेले बाकीचे सिलिंडर बाजूला काढून ठेवा, निदान दोन. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. वरती १० पीपीएम असलेली हवा ३० मीटरवर ४० पीपीएम असल्यासारखी वागते. कॉम्प्रेसरचा हवा खेचणारा पाईप जनरेटरच्या धुराकडे होता का, हे त्याच दिवशी फोटोत दिसतं. आठवड्यानं पाईप हललेला असतो.

न्यायवैद्यक_काका
जोडतो. रक्तात कार्बन मोनॉक्साईड तपासा असं शवविच्छेदन करणाऱ्याला लेखी सांगा, तो आपण होऊन करेलच असं नाही. मृत्यूनंतरही ते रक्तात टिकतं. डाईव्हचा आलेख आणि सीपीआर किती वेळ केला हेही द्या. कारण खोल डाईव्हनंतर मेलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांत मरणोत्तरही बुडबुडे तयार होतात. सिटी स्कॅन लवकर, काही तासांच्या आत झाला नाही तर खरे बुडबुडे आणि हे वेगळे करता येत नाहीत.

हृदयाच्या लयीचा संशय असेल तर ईडीटीए (रक्त साकळू न देणाऱ्या) नळीत रक्त राखून ठेवायचं, गोठवून. फॉर्मेलिनमध्ये टाकलेल्या तुकड्यातून पुढे जनुकीय तपासणी नीट होत नाही. आणि हे सगळं एम्बामिंगच्या आधी. देह विमानानं इंदूरला आणायचा तर एम्बामिंग करावं लागतं आणि घरचे घाई करतात. त्यांना एवढंच सांगा की हा नमुना मुलांच्या उपयोगाचा आहे, लय बिघडण्याचे काही आजार घराण्यात चालतात. मुलाभावंडांचा ईसीजी काढून घ्यावा.

पलासियातला_वकील
कायद्याचं थोडक्यात. इंदुरात आपण 'मर्ग कायम झाला' म्हणतो, महाराष्ट्रात 'अकस्मात मृत्यूची नोंद'. दोन्ही एकच, पूर्वीचं कलम १७४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. मर्ग म्हणजे गुन्हा नव्हे. गाईडला ठाण्यात बोलावलं म्हणजे तो आरोपी झाला असं नाही. हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा, कारण मोहल्ल्यात उलटंच पसरतं. निष्काळजीपणा दिसला तर न्याय संहितेचं १०६, पूर्वीचं ३०४-अ, पाच वर्षांपर्यंत शिक्षा.

जबाबात पाहिलं तेवढंच. "दहाव्या मिनिटाला गेज विचारलं, १६० सांगितलं." "बहुतेक घाबरला असावा" हे पाहिलेलं नव्हे. 'मी जर' नं सुरू होणारं वाक्य जबाबात नको.

रामबाग_ताई
ते 'मी जर' जबाबातून काढलंत तरी डोक्यातून जात नाही, तिथून माझं काम सुरू होतं.

त्याच दिवशी, कुणाशी चर्चा व्हायच्या आधी, गाईडनं एकट्यानं बसून लिहावं. वेळेच्या क्रमानं, मत न घालता. वकीलसाहेबांना ते पुरावा म्हणून हवं, मला दुसऱ्या कारणासाठी. तीन आठवड्यांनी आठवण बदलते आणि नेहमी गाईडच्या विरुद्ध बदलते. 'तो खोकला' हळूहळू पाचव्या मिनिटाला सरकतो, 'त्यानं माझ्याकडे पाहिलं' याचं 'त्यानं मदत मागितली' होतं. मग पहिल्या दिवसाचा कागद समोर ठेवता येतो: बाविसावं मिनिट, तुमच्याच अक्षरात.

सगळ्या टीमला एका खोलीत बसवून प्रत्येकाकडून प्रसंग वदवून घेऊ नका. मन मोकळं होईल असं वाटतं, पण अशा सक्तीच्या एका बैठकीनं पुढचा आघात टळत नाही असंच अभ्यासांत दिसलंय, काहींचं बिघडतंही. त्यापेक्षा जेवण, झोप, घरी फोन, आणि रात्री खोलीत एक माणूस सोबत. दारू नको, त्या रात्री तर नकोच.

झोप न लागणं, तो खोकला कानात येणं, छातीत धडधड, हे पहिले काही आठवडे अपेक्षित आहे. महिना उलटला आणि कमी होत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ. तोवर टेली-मानस, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

छप्पनदुकान
आणि परत पाण्यात कधी? लवकर उतरवलेलं बरं ना, घोड्यावरून पडल्यावर लगेच बसवतात तसं.

रामबाग_ताई
ग्राहकांसोबत लगेच नाही. पाण्याखाली घाबरलेला गाईड चार जणांना धोका आहे. आधी ग्राहक नसताना, ओळखीच्या जागी, पाच-सहा मीटर, वीस मिनिटं, सोबत जुना सहकारी. कधीही वर यायची मुभा. झोपेची गोळी सुरू असेल तर तेही नाही, डॉक्टरांना विचारून.

परत आल्यावर दोन टोकं दिसतात. एक जण कुणी शिंकलं तरी डाईव्ह रद्द करतो, ग्राहकाचा व्हॉल्व्ह हातातून सोडत नाही. दुसरा हसत असतो, "होतं असं समुद्रात", आणि ब्रीफिंग निम्म्यावर आणतो. पहिल्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. मला दुसऱ्याची काळजी जास्त वाटते.

अजून एक, जे मालकांना आवडणार नाही. हंगामी गाईड रोजावर असतो. 'आठवडाभर आराम कर' म्हणजे आठवडाभर कमाई नाही, आणि त्याला ती शिक्षाच वाटते. किनाऱ्यावर बाकीचेही तसाच अर्थ काढतात. रोज चालू ठेवा आणि सगळ्यांसमोर तसं सांगा.

गुलावट
आता अवघड प्रश्न. गाईड इंदूरचा, गेलेला माणूसही इंदूरचा. तेराव्याला जायचं का?

पलासियातला_वकील
चौकशी संपेपर्यंत नको. एक चुकीचं वाक्य आणि ते साक्षीत येतं.

रामबाग_ताई
मी उलट म्हणेन. न गेल्याचा अर्थ लावला जातो, आणि तो वाईटच असतो. जावं, वडीलधाऱ्या कुणाला सोबत घेऊन, आधी फोन करून. घरच्यांनी नको म्हटलं तर नाही. कारणाबद्दल अंदाज सांगायचा नाही. पण त्यांना बहुतेकदा कारण नकोच असतं. शेवटी काय बोलले, एकटे होते का, त्रास झाला का, हे हवं असतं. "एकटे नव्हते, मी धरलं होतं" हे फक्त गाईडच सांगू शकतो.

पलासियातला_वकील
ठीक, एवढंच वाक्य. "माझी चूक झाली" हे सांत्वन म्हणूनही नको.

न्यायवैद्यक_काका
फॉर्म राहिलाच की. बावन्न वर्षांचा माणूस आणि दहाही प्रश्नांना 'नाही'. त्यात पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी वेगळा चौकोन आहे: धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, घरात हृदयविकार. आपल्याकडे रक्तदाबाची गोळी घेणारा 'रक्तदाब नाही' म्हणतो, कारण गोळीनं तो नॉर्मल आहे ना!

गुलावट
फॉर्म बोटीवर भरायला दिला की असंच होणार. तिकीट काढलंय, पैसे भरलेत, बायकोमुलं सोबत आहेत, तिथे कोण 'हो' लिहील? आपण या वर्षीपासून फॉर्म इंदुरातच, पैसे घ्यायच्या आधी. आणि प्रश्न बदलून तोंडी: "रोजची कुठली गोळी घेता?" एक 'हो' असला तर डॉक्टरची सही, नाही तर नाव यादीत नाही.

सव्वादोन, तुझी आणि टाकीवाल्याची दोन्ही गणितं एका पानावर छापून आण. नवीन मुलांना आधी तुझं दाखवू, मग त्याचं.

सव्वादोन_बार
आणतो. टाकीवाले, व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला फेरे किती लागतात? अडीच की तीन?

टाकीतली_हवा
मेकप्रमाणे बदलतात, पाठ करण्यात अर्थ नाही. रविवारी माझ्याकडचे चार वेगवेगळे आणतो. प्रत्येकाचे मोजू आणि मानेवर मार्करनं लिहून ठेवू.